वाढवणच्या वीस मीटर खोलीतून नाशिकच्या निर्यातदाराला काय मिळेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आपला यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे, धाकटे बंधू दिंडोरीहून द्राक्षे युरोपला पाठवतात आणि दोघांचे मिळून वर्षाला तीस-पस्तीस कंटेनर न्हावा शेव्यातून जातात. पालघर जिल्ह्यात वाढवणला वीस मीटर नैसर्गिक खोलीचे बंदर होत आहे, तर त्यामुळे जहाजाचे भाडे किती उतरेल, लहान निर्यातदाराला त्याचा नेमका लाभ काय, आणि बंदराजवळ आत्ताच गोदामासाठी जागा घेऊन ठेवावी का, हे आपण विचारले आहे.

मी १९९४ साली बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम एजंटच्या कचेरीत उमेदवारीला लागलो आणि तेव्हापासून कंटेनरच्याच कामात आहे. निष्कर्ष आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना सोपे जाईल. भाडे उतरेल या आशेवर कोणताही हिशेब मांडू नये. लाभ होईल तो दिवसांचा होईल, आणि तोसुद्धा समुद्रातली खोली रस्त्याने आणि रेल्वेने आपल्या कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचली तरच. जागेची घाई तर मुळीच करू नये. त्याची कारणे शेवटी देतो.

प्रथम खोलीविषयी. भरलेल्या जहाजाचा जो भाग पाण्याखाली बुडालेला असतो त्याला आमच्या धंद्यात ड्राफ्ट म्हणतात. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे सुमारे ४०० मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद असतात, त्यांत वीस फुटी मापाचे चोवीस हजार कंटेनर मावतात, आणि पूर्ण भरल्यावर ती साडेसोळा-सतरा मीटर पाण्यात बसतात. तळाखाली थोडे पाणी मोकळे राहावे लागते, म्हणून अशा जहाजाला अठरा ते वीस मीटर खोली लागते. न्हावा शेवा हे ठाणे खाडीच्या मुखाजवळचे, आडोशाचे बंदर आहे. आडोसा असल्याने पावसाळ्यातही काम चालते, पण खाडी गाळ आणते. गाळ उपसून उपसून तिथला मार्ग २०१९ पर्यंत पंधरा मीटर ड्राफ्टच्या जहाजांसाठी तयार झाला, आणि तो तसा ठेवण्यासाठी उपसा चालूच ठेवावा लागतो. त्यातही खूप खोल बसणाऱ्या जहाजाला भरतीची वेळ साधावी लागते. भरती चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबणे आले, आणि एका जहाजाला उशीर झाला की त्या धक्क्याचे पुढचे सगळे वेळापत्रक सरकते.

एका मीटरने काय फरक पडतो, असे पुष्कळ जण विचारतात. साडेतीनशेहून अधिक मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद जहाज आणखी एक मीटर खाली बसू शकले, तर ते पंधरा हजार टनांच्या आसपास जादा माल उचलते. भरलेल्या वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबात हे एक हजाराच्या वर जातात. पाणी कमी असेल तर तेवढे कंटेनर मागे ठेवावे लागतात, आणि मागे कुणाचे राहतात हे तीस वर्षांत मी नीट पाहिले आहे. वर्षाला पाच हजार कंटेनर देणाऱ्या मोठ्या कारखान्याचे राहत नाहीत. आपल्यासारख्या तीस-पस्तीसवाल्यांचे राहतात. ‘कंटेनर रोल झाला’ असा फोन येतो आणि पुढच्या आठवड्याच्या जहाजाची वाट पाहणे नशिबी येते. माझ्या मते खोल बंदराचा लहान निर्यातदाराला होणारा पहिला लाभ इथे आहे: जहाज पोटभर भरून निघू शकले, तर रांगेतल्या शेवटच्यालाही जागा मिळते.

आता भाड्याचे पाहू. मोठ्या जहाजावर दर कंटेनरमागे इंधन कमी लागते आणि पाच हजारांच्या जहाजावर जेवढे खलाशी असतात जवळपास तेवढेच वीस हजारांच्या जहाजावरही असतात, म्हणजे बचत होते हे खरे. परंतु ती बचत जहाज कंपनीची असते. भाडे ठरते ते जहाजांवरची जागा आणि बाजारातला माल यांच्या ओढाताणीतून. २०२१ साली जगात मोठी जहाजे काही कमी नव्हती, तरी भाडी कित्येक पटींनी चढली, कारण अमेरिकेची मागणी वाढली होती आणि रिकामे कंटेनर भलत्याच बंदरांत अडकून पडले होते. त्या काळात नाशिकच्या कारखानदारांनी जे दर दिले ते आठवले, तर बंदराच्या खोलीवरून भाड्याचा अंदाज कुणी बांधणार नाही. शिवाय वाढवणचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. तो बंदराच्या आणि टर्मिनलच्या आकारणीतूनच वसूल व्हायचा आहे, आणि तो आकार फिरून फिरून आपल्याच बिलात येतो.

भाड्यावर थोडा दाब येईल तो एका वेगळ्या कारणाने. वाढवणच्या आराखड्यात प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनले आहेत आणि पूर्ण झाल्यावर वर्षाला २ कोटी ३२ लाख वीस फुटी कंटेनर हाताळण्याची क्षमता धरली आहे. २०२३-२४ मध्ये न्हावा शेव्याने सुमारे ६४ लाख हाताळले, त्यावरून आकाराची कल्पना यावी. इतकी क्षमता एकदम भरत नाही. ती भरेपर्यंत टर्मिनलचालक जहाज कंपन्यांना ओढण्यासाठी सवलती देतात, आणि जहाज कंपन्या माल ओढण्यासाठी. असा काळ मी एकदा अनुभवला आहे. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, पण पहिली दहा वर्षे आम्ही बरीचशी कामे मुंबईच्या इंदिरा गोदीतूनच करत होतो. १९९९ मध्ये तिथे पहिले खासगी टर्मिनल चालू झाले आणि चित्र पालटले. जहाजाला गोदीबाहेर नांगर टाकून दिवसेंदिवस तिष्ठावे लागे, ते बंद झाले. आमच्या कचेरीचे अर्धे लोक दोन वर्षांत बॅलार्ड इस्टेटमधून उठून उरणकडे गेले आणि दुपारच्या डब्यांच्या वेळा बदलल्या!

दिवसांचा लाभ म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस पिंपळगाव बसवंत परिसरातल्या एका पॅकहाउसचा रीफर, म्हणजे आत माल थंड ठेवणारा, कंटेनर आमच्या हाती होता. आत तेराएक टन द्राक्षे होती. थेट रॉटरडॅमला जाणाऱ्या सेवेत त्या आठवड्यात जागा नव्हती, म्हणून वाटेत परदेशी बंदरात जहाज बदलणारी सेवा घेतली. पहिले जहाज त्या बंदरात उशिरा पोहोचले, पुढचे निघून गेले होते, आणि आमचा कंटेनर तिथल्या यार्डात प्लग लावून नऊ दिवस उभा राहिला. माल उतरल्यावर तापमानाची नोंद ठेवणाऱ्या लॉगरचा आलेख आला, तो आखणीच्या पट्टीने काढल्यासारखा सरळ होता. यंत्राने आपले काम चोख केले होते, त्यामुळे विमा कंपनीकडे मागायला काही उरले नाही, कारण निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान सागरी विम्यात बसत नाही. पेटी उघडली तेव्हा मणी टणक होते, चवही बरी होती, पण देठ तपकिरी पडले होते. युरोपातला खरेदीदार द्राक्षाचे वय देठावरून ओळखतो. त्याने हिरव्या देठाचा भाव द्यायला नकार दिला आणि आमच्या निर्यातदाराला त्याचा कमी भाव नाकारताही आला नाही, कारण तेरा टन द्राक्षे परत आणून करणार काय?

भारताचा जो माल असा दुसऱ्या बंदरात जहाज बदलून जातो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांग यांसारख्या परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे. याचे मोठे कारण खोली हेच आहे. कोलंबोत अठरा मीटर खोलीचे टर्मिनल २०१३ पासून चालू आहे; मोठे जहाज तिथे थांबते आणि आपल्या बंदरांतून लहान फीडर जहाजे माल नेऊन तिथे जोडतात. इथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. जहाज बदलण्याचा हा त्रास दक्षिणेच्या आणि पूर्व किनाऱ्यावरच्या निर्यातदारांना जितका आहे तितका आपल्याला नाही. न्हावा शेव्यातून युरोपला आणि अमेरिकेला थेट सेवा आजही आहेत. आपली अडचण असते ती हंगामात त्या थेट सेवांत जागा न मिळण्याची. म्हणून वाढवणमुळे थेट जहाज प्रथमच मिळेल असे समजू नका; थेट जहाजांवर जागा वाढेल, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. गुजरातची बाजूही लक्षात ठेवा. मुंद्र्याला २०२४ च्या मे महिन्यात ‘एमएससी अ‍ॅना’ हे जवळपास ४०० मीटर लांबीचे, एकोणीस हजारांवर कंटेनरांच्या क्षमतेचे जहाज लागले होते. आपल्या किनाऱ्यावर तसे पाणी तयार झाले नाही, तर अशी जहाजे आपल्या दारावरून पुढे जात राहतील.

आपल्या कारखान्यासाठी दिवसाचा हिशेब असा मांडता येईल. समजा एका कंटेनरमध्ये चाळीस लाखांचा माल आहे आणि आपण बँकेला बारा टक्के व्याज देता. तो माल एक दिवस अडकला की सुमारे तेराशे रुपये गेले, दहा दिवस अडकला की तेरा हजार. वर्षाला पंधरा कंटेनर धरा, आणि आकडा किरकोळ राहत नाही. अर्थात आपल्या सौद्यात पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून साठ दिवसांनी मिळायचे ठरले असेल, तर वाटेतल्या उशिराचे व्याज आपल्यावर पडत नाही. ते खरेदीदारावर पडते. पण तो मुकाट सोसत नाही. पुढच्या वर्षीच्या भावात कापतो, नाहीतर आपल्या खर्चाने त्याच्या देशात महिन्याभराचा साठा ठेवायला सांगतो. आयातीतही तेच आहे. बेअरिंग किंवा विशेष पोलाद परदेशातून येत असेल आणि जहाजाची तारीख भरवशाची नसेल, तर आपण पंचेचाळीस दिवसांचा साठा ठेवता. तारीख पाळली जाऊ लागली की तीस दिवसांत भागते, आणि पंधरा दिवसांच्या मालात अडकलेले भांडवल मोकळे होते. माझ्या अनुभवात लहान कारखानदाराला बंदराने दिलेली सर्वांत मोठी सवलत हीच असते, आणि ती कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही.

एक उलटी बाजूही आहे आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. जहाजे मोठी झाली की जहाज कंपन्या काही वेळा फेऱ्या कमी करतात. पूर्वी दोन मध्यम जहाजे आठवड्यातल्या दोन वारी निघत असतील, तर त्यांच्या जागी एकच मोठे जहाज एका वारी निघते. ते चुकले की पूर्ण आठवडा गेला. ज्यांचा कंटेनर पूर्ण भरत नाही आणि जे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकत्र भरून पाठवतात, त्यांना हे जास्त जाचते. म्हणून खोल बंदराचे मूल्य तिथे लागणाऱ्या सर्वांत मोठ्या जहाजाच्या लांबीवरून करू नये. आपल्या देशाकडे आठवड्याला किती वेगवेगळ्या सेवा निघतात, ते मोजावे. तसेच, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि द्राक्षांच्या प्रवासात दहा-पंधरा दिवस वाढले. अशा संकटावर कोणत्याही बंदराच्या खोलीत उपाय नाही.

रीफरचे एक सांगायचे राहिले. जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिकला रिकाम्या रीफर कंटेनरांची टंचाई दर वर्षी होते, कारण आपल्याकडे थंड कंटेनरमधून येणारी आयात थोडी आणि जाणारी निर्यात मोठी. हे रिकामे डबे जहाज कंपनीला दुसऱ्या देशांतून आणून द्यावे लागतात. जहाजात मोकळी जागा आणि रीफरसाठी पुरेसे प्लग असले, तर आणणे परवडते. आपल्या बंधूंना भाड्यातल्या शेदोनशे डॉलरांपेक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डबा वेळेवर मिळण्याचे महत्त्व अधिक आहे, हे त्यांना विचारून पाहा.

आता जमिनीवरच्या भागाकडे येतो, कारण बंदरांचे खरे यशापयश तिथेच ठरते. केरळातल्या विळिंजमचे उदाहरण ताजे आहे. तिथेही अठरा-वीस मीटर नैसर्गिक खोली आहे आणि आंतरराष्ट्रीय जहाजमार्ग अगदी जवळून जातो. जुलै २०२४ मध्ये पहिले मोठे जहाज लागले, २ मे २०२५ रोजी बंदराचे लोकार्पण झाले, पण तेव्हा रेल्वेची जोडणी व्हायची होती. त्यामुळे बंदर भरभर चालू लागले ते मोठ्या जहाजातून लहान जहाजात कंटेनर बदलण्याच्या कामावर. बंदराला ते फायद्याचे आहे. आसपासच्या कारखानदाराला त्यातून लगेच फारसे मिळत नाही. मुंबईतले उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. मुंबई बंदरात ऑफशोअर कंटेनर टर्मिनलचे धक्के बांधून झाले, आणि कंटेनरऐवजी तिथून निर्यातीच्या मोटारगाड्या जहाजावर चढू लागल्या.

मोठ्या जहाजाबरोबर येणारा ताण आकड्यांत पाहा. एका फेरीत वीस फुटी मापाचे पाच हजार कंटेनर चढले-उतरले, तर ते रस्त्याने हलवायला चाळीस फुटी ट्रेलरच्या अडीच हजार खेपा लागतात. रेल्वेच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर दीड किलोमीटर लांबीच्या, एकावर एक डबे ठेवलेल्या गाडीतून ३६० कंटेनर जातात, म्हणजे तेवढ्याच मालाला चौदा गाड्या पुरतात. हा मार्ग दादरीहून न्हावा शेव्यापर्यंत आखलेला आहे, पण वैतरणा ते न्हावा शेवा हा शेवटचा टप्पा वर्षानुवर्षे रखडला आणि आमची बरीच कामे त्यामुळे रस्त्यावरच राहिली. वाढवणची गंमत अशी, की हा मार्ग तिथून जवळूनच जातो आणि सुमारे बारा किलोमीटरच्या जोडमार्गाने बंदर त्याला जोडायचे आहे. महामार्गाला जोडणारा रस्ता सुमारे बत्तीस किलोमीटरचा आहे. खोलीखालोखाल या जागेची दुसरी जमेची बाजू हीच, आणि माझ्या दृष्टीने कदाचित पहिली.

आज बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतला एखादा रसायनांचा कंटेनर न्हावा शेव्याला कसा जातो ते पाहा. कारखान्यात माल भरून, इलेक्ट्रॉनिक सील लावून ट्रेलर दुपारी निघतो. मनोरला महामार्गाला लागतो आणि घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशी येऊन अवजड वाहनांना सोडण्याच्या वेळेची वाट पाहत उभा राहतो. ठाण्यातून सुटला की मुंब्र्याचा वळणरस्ता, मग कळंबोली, मग बंदराच्या दारासमोरची रांग. बंदरात शिरण्याचा परवाना, म्हणजे फॉर्म १३, निघालेला असतो, चालकाच्या खिशात त्याची घडी असते, आणि गेट बंद व्हायला तीन तास उरलेले असताना आमच्या माणसाला त्याचा फोन येतो, “साहेब, अजून गायमुखलाच आहे.” अशा फोनांनंतर किती कंटेनरांची जहाजे चुकली असतील याची मोजदाद मी कधीच सोडून दिली. वाढवण झाले की या कारखान्यांचे शंभराहून अधिक किलोमीटर आणि ठाण्याची कोंडी दोन्ही वाचतील. तारापूर, उंबरगाव, वापी, सिल्वासा यांना होणारा लाभ म्हणूनच सरळ आणि मोठा आहे.

नाशिकचे तसे नाही. आपला ट्रेलर आज कसारा घाट उतरून भिवंडीमार्गे जातो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने घाटाचा त्रास कमी झाला आहे. वाढवणकडे जाण्यासाठी सध्या त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर असा डोंगरातला रस्ता आहे. पावसाळ्यात चाळीस फुटी रीफर तिकडून पाठवण्याचा सल्ला मी देणार नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये पालघरमधल्या तवा इथून समृद्धीवरच्या भरवीरपर्यंत सुमारे १०४ किलोमीटरच्या द्रुतगती मालवाहतूक मार्गाला मंजुरी दिली आहे. आपल्यासाठी वाढवण बंदर म्हणजे हा रस्ता. बंदरात पहिले जहाज लागल्याच्या बातमीपेक्षा या रस्त्याच्या कामाच्या बातम्यांकडे लक्ष ठेवा. तो झाला तर नाशिकच काय, संभाजीनगर आणि जालन्यालाही बंदर जवळ येईल. तो रखडला तर आपला माल न्हावा शेव्यातूनच जाईल, आणि त्यातही काही वाईट नाही, कारण गुजरातचा आणि उत्तर भारताचा काही माल वाढवणकडे वळल्यावर न्हावा शेव्यातली गर्दी कमी होईल. हा आडून मिळणारा लाभ कदाचित आपल्याला सर्वांत आधी मिळेल.

वेळेबाबत घाई करू नका. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी १९ जून २०२४ ला आणि भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले. बंदर उघड्या समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून व्हायचे आहे आणि लाटा अडवायला दहा किलोमीटरहून अधिक लांबीचा बांध घालायचा आहे. न्हावा शेव्याला निसर्गाने आडोसा दिला आणि खोली दिली नाही. वाढवणला खोली दिली आणि आडोसा माणसाने करायचा आहे. पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस धरला आहे. धक्का तयार झाला म्हणजे बंदर तयार झाले असेही नव्हे. कंटेनर भरण्या-रिकामे करण्याची फ्रेट स्टेशने, रिकाम्या डब्यांचे यार्ड, वनस्पती तपासणीची प्रयोगशाळा, रीफर दुरुस्त करणारे मिस्त्री, सर्व्हेयर, रात्री दोनला फोन उचलणारा कस्टमचा माणूस, ही वस्ती जमायला न्हावा शेव्यालाही दहा-बारा वर्षे लागली होती. द्राक्षांसाठी तर मी पहिले दोन हंगाम मुळीच तिकडे जाणार नाही.

प्रदेशाचा लाभ म्हणताना त्या किनाऱ्यावरचे आजचे धंदेही प्रदेशातच मोडतात, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. वाढवण, वरोर, चिंचणी, डहाणू इथली मासेमारी, घोलवडचा चिकू, घराघरांत चालणारे डायमेकिंगचे, म्हणजे साचे बनवण्याचे, काम, यांवर हजारो घरे उभी आहेत. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच जागेचा बंदराचा प्रस्ताव नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली आणि स्थानिकांचा विरोध तरीही चालू राहिला. मी उरणमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. जमीन संपादनाविरुद्धच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात तिथे पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले आणि प्रत्यक्ष जमीन मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली. शेवा कोळीवाड्याच्या लोकांचा पुनर्वसनाचा झगडा तर बंदर जगातल्या मोठ्या बंदरांत गणले जाऊ लागल्यावरही मिटला नव्हता. वाढवणच्या कोळ्याने कागदावरच्या आश्वासनावर विश्वास ठेवू नये असे त्याला वाटत असेल, तर त्यामागे आमच्या बाजूचाच अनुभव आहे. व्यापाराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण भरपाई वेळेवर आणि नीट झाली नाही की काम थांबते, आणि थांबलेल्या कामाचे व्याज बंदराच्या दरात जाऊन बसते.

जागेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. डहाणू तालुक्यात उद्योगांसाठीचे एकूण क्षेत्र १९९१ च्या अधिसूचनेने पाचशे एकरांवर मर्यादित केले आहे. शिवाय हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली परवानगी लागते, आणि दलाल ‘नंतर करून देतो’ म्हणतात ती परवानगी नंतर मिळत नसते. सातबाऱ्यावरचा शेरा वाचल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. आपल्या वर्षाच्या तीस-पस्तीस कंटेनरांना बंदराशेजारी स्वतःचे गोदाम लागतच नाही; कारखान्यात माल भरून, सील लावून थेट बंदरात पाठवणे आपल्याला स्वस्त पडते. जागेत गुंतवायचा पैसा द्राक्षांच्या प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे भरण्यापूर्वी माल थंड करण्याच्या सोयीत, घातला, तर तो कोणत्याही बंदरातून वसूल होईल.

तयारी करायचीच असेल तर दोन कामे आत्तापासून करता येतील. कारखान्यात माल भरून स्वतः सील लावण्याची परवानगी घेतली नसेल तर घ्या आणि कस्टमच्या ‘अधिकृत आर्थिक प्रचालक’ (एईओ) योजनेत लहान उद्योगांसाठी असलेल्या पहिल्या पायरीचा अर्ज करा. या गोष्टी न्हावा शेव्यात जितक्या उपयोगी आहेत तितक्याच वाढवणला असतील. दुसरे म्हणजे एक वही करा आणि प्रत्येक कंटेनरच्या पाच तारखा लिहून ठेवा: कारखान्यातून निघाल्याची, बंदराच्या गेटमधून आत गेल्याची, जहाज ठरलेल्या दिवशी निघायला हवे होते ती, प्रत्यक्ष निघाले ती, आणि खरेदीदाराच्या बंदरात उतरल्याची. बहुतेक निर्यातदार भाड्याचे कागद दहा वर्षे जपतात आणि या तारखा महिनाभरात विसरतात. तीन हंगामांच्या नोंदी हाती असतील, तर आपले दिवस रस्त्यावर जातात, गेटवर जातात की समुद्रात, ते आपल्याला स्वतःलाच दिसेल, आणि २०३० च्या सुमारास कोणी जहाज कंपनीचा माणूस वाढवणची सेवा घेऊन अंबडला आला, तर त्याच्यासमोर ती वही उघडून बसता येईल.